वेलवांग्याचें रोप

औंढा नागनाथ येथील देवालयाचे दगड जेव्हां घडविले जात होते, तेव्हां तेथल्या पाथरवटांच्या भाकरीबरोबर टोमॅटो नव्हता. हें देवालय यादवकालीन, सुमारें तेराव्या शतकांतलें मानलें जातें. संत नामदेवांना विसोबा खेचर हे गुरु भेटले ते याच क्षेत्रीं, ही कथा वारकऱ्यांच्या घराघरांत आजहि सांगतात. परंतु नामदेव व विसोबा ज्या काळांत या मुलखांत वावरले, त्या काळीं येथल्या कोणत्याहि चुलीवर टोमॅटो शिजला नव्हता, मिरची पडली नव्हती, बटाटा चिरला गेला नव्हता. तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा व आल्याचा. आंबटपणा चिंचेचा, कैरीचा व ताकाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' नांवाचा ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या भोजनाचें विस्तृत वर्णन आहे व आजहि ओळखीचे वाटावे असे कितीतरी पदार्थ आहेत. टोमॅटोचा मात्र त्यांत मागमूस नाहीं, आणि असणेंहि शक्य नव्हतें. आज मराठवाड्यांतील कोणत्याहि मोठ्या गांवच्या बाजारांत जावें, तर तांबड्या टोमॅटोचे ढीग डोळ्यांत भरल्यावांचून राहत नाहींत. जें फळ सातशें वर्षांपूर्वीं या देशास ठाऊकहि नव्हतें, तें रोजच्या वरणांत, भाजींत व कोशिंबिरींत येऊन बसलें आहे.

हा पालट कसा घडला, हें पाहूं गेल्यास फळाच्या इतिहासापेक्षां त्याच्या रोपाचा इतिहास अधिक बोधप्रद ठरतो. फळ आलें दुरून. परंतु त्याचें रोप वाढलें तें येथल्याच वाफ्यांत व येथल्याच हातांनीं. पेरणीपासून लावणीपर्यंतचे जे चार आठवडे, त्यांतच या झाडाचें बरेंवाईट बहुतेक ठरून जातें. ते चार आठवडे पूर्वीं घरच्या परसांत किंवा मळ्याच्या कोपऱ्यांत जात. आज ते बहुधा दुसऱ्याच्या रोपवाटिकेंत जातात. दिसावयास हा फरक लहान आहे. पण शेतकऱ्यानें व गृहस्थानें पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली एक विद्या घरांत राहणार कीं घराबाहेर जाणार, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

टोमॅटोचें मूळ घर दक्षिण अमेरिका. पेरू व इक्वेडोर या देशांत, अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील प्रदेशांत, त्याच्या रानटी जाती आजहि उगवतात. त्यांचीं फळें वाटाण्याएवढीं किंवा बोराएवढीं असतात. तेथून तो उत्तरेस मेक्सिकोंत गेला, आणि तेथल्या लोकांनीं त्यास शेतांत वाढवून त्याचें फळ मोठें केलें. त्यांच्या नाहुआत्ल भाषेंतील 'टोमाट्ल' या शब्दावरून स्पॅनिश 'तोमाते' व इंग्रजी 'टोमॅटो' हे शब्द निघाले. इ. स. १५१९ ते १५२१ या काळांत कोर्तेस यानें मेक्सिको जिंकला. त्यानंतर तेथें गेलेल्या सहागून नांवाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें तेथल्या बाजारांतील टोमॅटो विकणाऱ्यांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. स्पॅनिश गलबतांतून हें फळ युरोपांत पोंचलें, आणि १५४४ सालीं मात्तिओली या इटालियन वैद्यानें त्याची नोंद केली. पुढें १५५४ सालीं त्यानेंच त्याचें 'सोन्याचें सफरचंद' या अर्थाचें नांव छापलें.

परंतु युरोपियन लोकहि या फळास एकदम भुलले नाहींत. विषारी बेलाडोना याच कुळांतली. तेव्हां हें फळहि घातक असेल, अशी भीति अनेकांच्या मनांत होती. बागेंत शोभेस लावावें, ताटांत घेऊं नये, असा बराच काळ रिवाज होता. टोमॅटो घातलेल्या पदार्थांची छापील कृति नेपल्स येथें १६९२ च्या सुमारास निघालेल्या लातिनी याच्या पाकग्रंथांत आढळते. म्हणजे मात्तिओलीच्या नोंदीनंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं. १७५३ सालीं लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानें त्यास वांग्याच्या व बटाट्याच्या गणांत घालून 'सोलॅनम लायकोपर्सिकम' असें नांव दिलें. लायकोपर्सिकम याचा अर्थ 'लांडग्याचें पीच'. नांवांतहि जुनी भीति उरलीच होती! लिनीयसनंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडांतील मिलर या उद्यानशास्त्रज्ञानें टोमॅटोस वांग्याच्या गणांतून वेगळें काढलें. अलीकडे वंशद्रव्याचा अभ्यास झाल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा लिनीयसच्याच मताकडे वळले आणि टोमॅटो आपल्या भाऊबंदांत परत आला.

मराठी माणसानें हा निर्णय शास्त्रज्ञांची वाट न पाहतां केव्हांच देऊन ठेविला होता. त्यानें या नव्या झाडाचें नांव 'वेलवांगें' ठेविलें. बंगालींत त्यास 'विलायती बेगुन' म्हणत, गुजराथेंतहि तें विलायती वांगेंच. पानें, फूल व फळाचा देंठ पाहून लोकांनीं ओळखलें कीं, हा वांग्याचा गोत्रज आहे. आणि खोड सरळ उभें राहत नाहीं, जमिनीवर लोळतें, म्हणून 'वेल' हा शब्द मागें लागला. विदर्भांत 'भेदरें' हें नांव चालतें, मराठवाड्यांत बोलण्यांत 'टमाटे' येतें. परंतु 'वेलवांगें' या नांवांत जें ज्ञान आहे, तें इतर नांवांत नाहीं. झाड वांग्याच्या जातीचें आहे असें एकदां समजलें, कीं त्याचें रोप कसें करावें, तें किती दिवसांचें लावावें, हें शेतकऱ्यास निराळें शिकवावें लागत नाहीं.

पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. त्यांच्याच व्यापारांतून मिरची, तंबाखू, अननस, काजू यांप्रमाणें टोमॅटोहि भारताच्या किनाऱ्यास लागला, असें सामान्यतः मानतात. परंतु या सोबत्यांचें नशीब सारखें नव्हतें. मिरचीनें थोड्याच काळांत मिऱ्यांची जागा घेतली. गरिबाच्या भाकरीवर ती पहिली जाऊन बसली. टोमॅटोस मात्र दाराबाहेर फार काळ तिष्ठावें लागलें. याचें कारण उघड आहे. मिरें महाग होतें, मिरची परसांत फुकट येऊं लागली. तिनें एक उणीव भरून काढली. आंबटपणाची उणीव मात्र या देशांत कधींच नव्हती. चिंचेचें झाड गांवोगांव उभें होतें, कोंकणांत आमसूल होतें, घरोघर ताक होतें. शिवाय सोंवळ्याच्या घरांत या फळाचा तांबडालाल गर पाहून मनास किळस येई. जगन्नाथपुरीच्या देवालयाच्या महाप्रसादांत आजहि टोमॅटो व बटाटा घालीत नाहींत. त्यावरून जुन्या स्वयंपाकघरांनीं या परदेशी पाहुण्यांस किती दूर ठेविलें होतें, याची कल्पना येते.

एकोणिसाव्या शतकांत टोमॅटो वाढला तो मुख्यतः इंग्रजांच्या बागांत. १८६३ सालीं निघालेल्या फर्मिंजर याच्या बागकामावरील इंग्रजी ग्रंथांत त्याची लागवड सांगितलेली आहे. १८८९ ते १८९३ या वर्षांत जॉर्ज वॅट यानें भारतांतील उपयुक्त वनस्पतींचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यांत तो सांगतो कीं, देशी लोकांस या फळाची रुचि आतां कोठें कळूं लागली आहे. लागवड अजून मुख्यतः युरोपियनांसाठींच होते. बंगाली व ब्रह्मी लोक मात्र तें आपल्या आंबट कालवणांत घालतात. जेथें लष्करी छावणी असे, तेथें विलायती भाजीची मागणी असे, आणि ती पुरविणारा देशी माळी असे. औंढ्याच्या जवळच हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेचें ठाणें १९०३ सालापर्यंत होतें. पुण्यास गणेशखिंडीचें वनस्पति-उद्यान १८७३ सालीं सुरू झालें. अशा ठिकाणीं ज्या माळ्यांनीं साहेबांसाठीं फ्लॉवर, कोबी व टोमॅटो यांचीं रोपें वाढविलीं, तेच या विद्येचे पहिले देशी जाणकार. त्यांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत नाहींत. परंतु त्यांनीं केलेलें काम पुढें घरोघर पोंचलें.

विसाव्या शतकांत या फळास दुसऱ्याच एका बाजूनें प्रतिष्ठा मिळाली. अन्नांतील जीवनसत्त्वांचें ज्ञान पसरूं लागलें. १९३७ सालीं दक्षिणेंतील कुन्नूर येथील पोषण-संशोधनशाळेंतून डॉ. ॲक्रॉइड यांची भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांवरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. टोमॅटोंत 'क' जीवनसत्त्व असतें व तें कच्चा खाल्ल्यानें अधिक मिळतें, हें शाळामास्तर, डॉक्टर व वर्तमानपत्रें सांगूं लागलीं. ज्या फळाकडे आजीनें नाक मुरडलें, तें नातवाच्या प्रकृतीसाठीं म्हणून घरांत आलें. मग महायुद्ध आलें. १९४३ सालीं बंगालांत भयंकर दुष्काळ पडला. सरकारनें 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू केली. अंगणांत, परसांत, मोरीच्या सांडपाण्यावर दोन वांगीं, चार मिरच्या व चार टोमॅटो लावणें हें तेव्हां कुटुंबवत्सल माणसाचें कर्तव्य ठरलें.

हें फळ परसांत इतक्या सहज रुळलें, याचें श्रेय येथल्या जुन्या रोपविद्येस दिलें पाहिजे. कोंकणांत व मावळांत भाताचें रोप राबावर करतात. उन्हाळ्यांत शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या जमिनीवर पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातींत पावसाच्या आरंभीं भात पेरतात. आगीनें तणाचें बीं मरतें, मातींतली कीड व बुरशी कमी होते, वर राखेचें खत मिळतें. देशावर वांगीं, कांदा, मिरची व तंबाखू यांचीं रोपें अशाच काळजीनें करीत आले आहेत. टोमॅटो आला तो या तयार वाफ्यांत येऊन बसला.

या वाफ्याची रीत आजहि तीच आहे, आणि तिच्या प्रत्येक पायरीस कारण आहे. औंढ्याच्या बाजूस उन्हाळा कडक. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि अशा उष्णतेंत टोमॅटोचीं फुलें फळ न धरतां गळून पडतात. म्हणून घरच्या लागवडीस हिवाळ्याचा हंगाम उत्तम. उत्तरा नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यांत, बीं टाकावें. चित्रा नक्षत्रांत, पावसाचा जोर ओसरल्यावर, रोप लावावयास येतें. जागा अशी निवडावी कीं, जेथें सकाळचें ऊन येतें व पाणी साचत नाहीं, आणि जेथें आदल्या वर्षीं वांगीं, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो नव्हता. कारण या भावंडांचे रोगहि सामाईक असतात. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, म्हणूनच त्यास गादीवाफा म्हणतात. शेतकऱ्याचा वाफा तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असतो. घरच्या बारा-पंधरा झाडांस पसरट कुंडी किंवा तळास भोंकें पाडलेलें खोकें पुरतें. पोयटा माती, वाळू व पूर्ण कुजलेलें शेणखत हीं समभाग घ्यावींत. काळी चिकण माती एकटी कधींहि वापरूं नये. ती ओली असतां मुळास गुदमरवते व वाळली असतां भेगाळून मूळ तोडते.

एका ग्रॅममध्यें टोमॅटोच्या सुमारें तीनशें बिया असतात. यावरून घरास किती थोडें बीं लागतें हें ध्यानांत येईल. चार-चार बोटांवर उथळ रेघा ओढून त्यांत बीं विरळ टाकावें, वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकीच माती पसरावी आणि वाळल्या गवतानें झांकावें. पाणी झारीनें द्यावें; लोट्यानें ओतल्यास बीं वाहून एका कोपऱ्यांत गोळा होतें. मुंग्या बीं ओढून नेतात, यास्तव वाफ्याभोंवतीं राख टाकण्याची चाल आहे. सहा ते आठ दिवसांत कोंब वर येतात. कोंब दिसतांच गवत काढावें. हें एक दिवस लांबविलें तरी रोपें उजेडासाठीं ताणून पांढुरकीं व बारीक मानेचीं होतात, आणि अशीं रोपें पुढें कितीहि खत दिलें तरी सुधारत नाहींत.

या वयांत रोपांचा मोठा शत्रु म्हणजे मर. काल हिरवेंगार दिसणारें रोप सकाळीं जमिनीलगत पाण्यानें भिजल्यासारखें मऊ पडून आडवें झालेलें आढळतें. जुन्या लोकांस यांत दृष्ट लागल्याचा भास होई. खरें कारण मातींतील पिथियम नांवाची बुरशी होय. दाटी, साचलेलें पाणी व कोंदट हवा यांवर ती पोसते. तेव्हां रोपें विरळ करणें, पाणी सकाळींच देणें व वाफा उंच ठेवणें हींच पहिलीं औषधें. राबांत माती भाजण्याची चाल ज्यांनीं घातली, त्यांस बुरशीचें नांव ठाऊक नव्हतें, परंतु उपाय ठाऊक होता. आतां शेतकरी त्याच कामासाठीं ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी बियांस चोळतात. एका बुरशीनें दुसरीचा बंदोबस्त होतो.

पंचवीस ते तीस दिवसांत रोप वीतभर उंच होतें, त्यास चार ते सहा पानें येतात व खोड पेन्सिलीसारखें ताठ होतें. हेंच लावणीचें वय. त्यापूर्वीं चार-पांच दिवस पाणी कमी करून रोप कणखर करावें, म्हणजे शेतांतल्या उन्हावाऱ्यास तें डगमगत नाहीं. उपटण्याच्या आदल्या दिवशीं मात्र वाफा भरपूर भिजवावा, कारण मुळाशीं मातीचा गोळा राहिला पाहिजे. लावणी संध्याकाळीं करावी. रात्रभर थंडाव्यांत रोप सावरतें. येथें टोमॅटो आपल्या भावंडांहून वेगळा आहे. वांग्याचें किंवा मिरचीचें खोड फार खोल पुरूं नये. टोमॅटोचें मात्र खालचीं पानें काढून निम्म्या खोडापर्यंत पुरलें तरी चालतें, कारण त्या पुरलेल्या खोडास नवीं मुळें फुटतात. ज्याचें रोप थोडें लांबट झालें असेल, त्याची चूक निसर्गानें अशी पदरांत घेतली आहे. पहिले दोनतीन दिवस पळसाच्या पानांची सांवली करावी, पुढें काठीचा आधार द्यावा.

रोपास हात लावण्यापूर्वीं हात साबणानें धुवावेत, असें सांगितलें तर कोणास हंसूं येईल. परंतु यामागें विज्ञानाच्या इतिहासांतील एक थोर प्रकरण आहे. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा एक रोग आहे. १८९२ सालीं इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, जीवाणूहि अडवील अशा गाळणींतून गेलेला रस हा रोग पसरवितो. १८९८ सालीं हॉलंडांतील बायेरिंक यानें त्या कारणास जीवाणूहून निराळें मानून 'व्हायरस' हें नांव दिलें. १९३५ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ली यानें त्याचे स्फटिक वेगळे केले. विषाणु या वस्तूची मनुष्यास ओळख झाली ती अशी. हाच विषाणु टोमॅटोसहि होतो, आणि तो विडी ओढणाऱ्याच्या व तंबाखू मळणाऱ्याच्या बोटांवरून कोंवळ्या रोपावर जाऊं शकतो. तंबाखूहि अमेरिकेचीच, टोमॅटोहि अमेरिकेचाच. दोघे भाऊ सातासमुद्रांपलीकडे येऊनहि एकमेकांचा रोग सोडीत नाहींत.

भारतांत याहून अधिक नुकसान करणारा रोग म्हणजे पानें आंखडून झाड खुरटवणारा पर्णगुच्छ. वासुदेव व सॅमराज या शास्त्रज्ञांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या वर्षीं मराठवाडा निझामी अमलांतून मुक्त झाला तेंच हें वर्ष. पांढरी माशी हा रोग पसरविते. झाड जितकें कोंवळें असतां तिचा दंश होईल, तितकें नुकसान अधिक. मोठ्या झाडास रोग झाला तर थोडीं तरी फळें हातीं लागतात, रोपास झाला तर कांहींच नाहीं. म्हणून वाफ्यावर पहिल्या दिवसापासून बारीक जाळी किंवा धुवट पातळ कापड ताणून ठेवावें. औषधाच्या दहा फवाऱ्यांहून हें चार आठवड्यांचें कापड अधिक उपकारक ठरतें.

स्वातंत्र्यानंतर या पिकाचा पसारा झपाट्यानें वाढला. निझामी राजवटींत १९१८ सालीं परभणी येथें प्रयोगक्षेत्र निघालें होतें. त्याच भूमीवर १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. औंढा तेव्हां परभणी जिल्ह्यांतच होतें. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १९९९ सालीं. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें १९६८ सालीं पूर्ण झालीं व या भागांतल्या जमिनीस पाणी मिळूं लागलें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें 'पुसा रुबी' ही जात दिली, ती देशभर पसरली. ही संस्था आरंभीं बिहारमध्यें पुसा येथें होती. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीस आली, पण गांवाचें नांव जातींच्या नांवांत राहून गेलें. राहुरीच्या विद्यापीठानें 'भाग्यश्री' व 'धनश्री', परभणीच्या विद्यापीठानें 'परभणी यशश्री' अशा जाती दिल्या. या सरळ जातींचें बीं शेतकऱ्यास घरीं धरतां येई.

मग संकरित बियाण्याचें युग आलें. मराठवाड्यांतीलच जालना येथें बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं बियाण्याची कंपनी काढली व त्या गांवास बियाण्याचें गांव म्हणून कीर्ति मिळाली. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९८८ सालच्या नव्या बियाणें-धोरणानें परदेशी भाजीपाला-बियाण्यासहि दार उघडलें. संकरित झाडें जोमदार, फळें टणक व दूरच्या प्रवासास टिकणारीं. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव व नाशिक जिल्ह्यांतील पिंपळगांव बसवंत येथें टोमॅटोच्या मोठ्या पेठा उभ्या राहिल्या. परंतु संकरित फळाचें बीं धरून पेरल्यास पुढची पिढी एकसारखी येत नाहीं. आईबापांचे गुण तींत वेगवेगळे फुटून निघतात. त्यामुळें बीं दरवर्षीं विकत घेणें प्राप्त झालें. बीं महाग झालें, म्हणून एक एक दाणा जपणें आलें. त्यांतून खणांच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, नारळाच्या काथ्याचा भुसा व हरितगृहें यांची रोपवाटिका जन्मास आली. आज बहुतेक शेतकरी तयार रोपें मोजून घेतात.

यांत वाईट कांहींच नाहीं. चांगल्या रोपवाटिकेंतलें रोप एकसारखें व निरोगी असतें, आणि ज्यास दोन एकर लावावयाचे आहेत त्यास तें सोयीचेंच आहे. प्रश्न आहे तो ओळखीचा. ज्यानें कधीं रोप वाढविलेंच नाहीं, त्यास विकत घेतांना तें चांगलें कीं वाईट हें कळावें कसें? उंच, गर्द हिरवें व लुसलुशीत रोप पाहून अजाण माणूस भुलतो. जाणता माणूस आंखूड पेरीं, जाड खोड, पांढरीं मुळें व आंखडलेलें पान आहे कीं नाहीं हें पाहतो. एका ताटलींतून रोग आला तर तो एका वाफ्यापुरता राहत नाहीं, अनेक गांवांत एकाच आठवड्यांत पोंचतो. लावणीस केलेला खर्च तेव्हां मातींत जातो, आणि हंगाम परत येत नाहीं. बाजाराची गति तर सर्वांनीं पाहिली आहे. २०२३ च्या जुलैंत अनेक शहरांत टोमॅटो शंभर रुपये किलोच्याहि वर गेला, आणि दोनतीन महिन्यांच्या आंत भाव इतका कोसळला कीं, शेतकऱ्यांस माल फेंकून द्यावा लागला. ज्या फळाच्या भावावर इतके संसार वर-खालीं होतात, त्याची पहिली पायरी तरी घरच्या माणसाच्या नजरेखालची असावी, हें म्हणणें अवाजवी नव्हे.

म्हणून औंढ्यासारख्या गांवीं, ज्याच्या घरामागें दहा हात जागा आहे त्यानें, सरळ जातीचीं दहा-बारा झाडें दरवर्षीं स्वतःच्या वाफ्यांतून लावावींत. त्यांतील सर्वांत निरोगी झाड निवडून त्याचीं दोन पूर्ण पिकलेलीं फळें बियांसाठीं राखावींत. गर बियांसह मातीच्या भांड्यांत एक-दोन दिवस आंबवावा, म्हणजे बियांभोंवतींचा बुळबुळीत पापुद्रा सुटतो. मग बीं स्वच्छ धुऊन सांवलींत सुकवावें, कागदाच्या पुडींत बांधून त्यावर जातीचें नांव व वर्ष लिहावें आणि कोरड्या जागीं ठेवावें. असें बीं तीनचार वर्षें उगवतें. घरांतल्या मुलामुलींस या कामांत घ्यावें. कोंब वर येण्याचे सहा-आठ दिवस ज्या मुलानें रोज सकाळीं गवत उचलून पाहिलें, त्यास शाळेच्या पुस्तकांतील वनस्पतिशास्त्राचा धडा कठीण जात नाहीं. बाजारांतून रोपें आणण्याची वेळ आली तरी तींच मुलें पुढें बापाबरोबर जाऊन पान उलटून पाहतील, आणि पांढरी माशी दिसली तर तें रोप तेथेंच ठेवून येतील.